दीर्घ आजारी रुग्णांना त्यांची इच्छा वेळेत विचारण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, सातारा

प्रत : मा. मुख्याधिकारी, पाचगणी गिरिस्थान नगरपरिषद

महोदय,

क्षयावर औषध नव्हते त्या काळी रुग्ण पाचगणीला हवेसाठी येत. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी बेल-एअर आरोग्यधाम उभारले ते त्यांच्यासाठीच. आज आमच्या घरांत लांबणारी दुखणी मूत्रपिंडाची, हृदयाची, फुप्फुसाची आणि कर्करोगाची आहेत. रुग्ण अत्यवस्थ झाला की पसरणीचा घाट उतरून वाई, पुढे सातारा अशी धावपळ होते. व्हेंटिलेटर लावायचा का, हे मग दाराशी उभ्या मुलाला विचारतात. ज्याचा जीव, त्याला बोलता येत होते तेव्हा कोणी विचारलेले नसते. ‘त्यांना काही सांगू नका’ असे घरचेच डॉक्टरांना बजावतात, हेही खरे. म्हणूनच हा विषय डॉक्टरांनी काढायला हवा.

आमची पहिली मागणी हीच. दीर्घ आजाराच्या रुग्णासाठी बाह्यरुग्ण विभागात वेगळा वेळ आणि आडोसा असावा. आजाराबद्दल किती जाणून घ्यायचे आहे, भीती कशाची वाटते, काय करता येत राहावे, शेवटचे दिवस घरी काढायचे की दवाखान्यात, बोलता न आल्यास निर्णय कोणी घ्यावा, हे त्यालाच विचारावे. कोणाला डायलिसिस चालूच हवे असेल, कोणाला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यापर्यंत चालता येणे पुरेसे वाटेल. उत्तर केसपेपरवर लिहावे आणि तब्येत बदलली की पुन्हा विचारावे. मन बदलण्याचा हक्क रुग्णाचा आहे. यासाठी डॉक्टर, परिचारिका आणि आशाताईंना प्रशिक्षण द्यावे.

घरी राहायचे ठरवलेल्याला वेदनेत सोडता येणार नाही. अमली पदार्थविषयक कायद्यात 2014 मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फिनची वाट सोपी झाली. ते महाबळेश्वर तालुक्यातच मिळावे आणि परिचारिकेच्या गृहभेटी सुरू व्हाव्यात.

बोलता न आल्यास कोणते उपचार हवेत वा नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्यता दिली. 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने ते करण्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरेसे झाले. इच्छापत्राची प्रत स्थानिक संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची असते. पाचगणीत ती कोण स्वीकारणार, त्यांचे नाव नगरपरिषदेच्या फलकावर लावावे.

एक अट मात्र ठाम आहे. ही विचारपूस खाटा मोकळ्या करण्यासाठी किंवा खर्च वाचवण्यासाठी कधीही वापरली जाऊ नये. उपचार हवेत म्हणणाऱ्या गरिबाला ते पूर्ण मिळालेच पाहिजेत.

या मागण्यांवर पाचगणीत रुग्ण व नातेवाइकांसमवेत बैठक घ्यावी आणि तिची तारीख आम्हांस लेखी कळवावी, ही विनंती.

आपले,
पाचगणी, भिलार व गोडवली परिसरातील दीर्घ आजारी रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय