सक्ती करायचीच तर फाइलवर करा, बोटांवर नको

मंडळी, आज खड्डे नाहीत, पाणी नाही. आज कीबोर्ड. हसू नका, पोटापाण्याचा विषय आहे.

घाटकोपर पश्चिमेला आमच्या ओळखीचे एक डीटीपीवाले दादा आहेत. पंचवीस वर्षं लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, आमच्या बातम्या टाईप करतायत. हात बसला टाईपरायटरवर, म्हणून मांडणी रेमिंग्टन. कीबोर्डकडे न बघता टाईप करतात. गेल्या महिन्यात एका कार्यालयात टायपिंगच्या कामासाठी गेले. साहेब म्हणाले, "इनस्क्रिप्ट येतं का? रेमिंग्टन चालणार नाही, आम्हाला युनिकोड लागतं." स्पीड विचारलाच नाही. दादा परत आले.

साहेबांनी दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली. युनिकोड म्हणजे कॉम्प्युटरने अक्षर कसं साठवायचं त्याचा नियम. इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन, फोनेटिक म्हणजे कुठल्या कळीवर कुठलं अक्षर, एवढंच. युनिकोड तिन्हींनी टाईप करता येतं. 'क' कशानेही काढा, फाइलमध्ये तोच एक 'क' जातो. वाचणाऱ्याला फरक कळणारसुद्धा नाही.

प्रोग्रॅमर मंडळी बघा. कोणी विम वापरतो, कोणी ईमॅक्स, कोणी व्हीएस कोड. शॉर्टकट जो तो आपल्या हाताप्रमाणे बदलून घेतो. कुठलं चांगलं यावरून वर्षानुवर्षं भांडतातही. पण कोडची फाइल म्हणजे साधा मजकूर, तो सगळ्यांकडे उघडतो. एकाच्या आवडीचा भुर्दंड दुसऱ्याला पडत नाही.

आपण नेमकं उलटं केलं. फाइलला शिस्त हवी होती, तिथे प्रत्येक फॉन्टवाल्याचा हिशेब वेगळा. श्रीलिपीतला मजकूर कृतीदेवमध्ये उघडा, भेळ होते. माझ्या जुन्या बातम्या अशाच सीडीत पडून आहेत, शोधायला गेलं तर एक शब्द सापडत नाही. तिथे वर्षानुवर्षं कोणाला सक्ती सुचली नाही. आता सुचली, ती माणसाच्या बोटांवर!

इनस्क्रिप्टशी माझं वैर नाही. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि एकदा शिकलात की इतर भारतीय लिप्यांनाही तीच मांडणी. नव्या पोरांना जरूर तेच शिकवा. पण पन्नाशीतल्या माणसाला पुन्हा बाराखडीपासून बसवून कार्यालयाला काय मिळणार? "एका कॉम्प्युटरवर चार जण बसतात" म्हणाल, तर मांडण्या एकदा टाकून ठेवा. विंडोजमध्ये विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की मांडणी बदलते.

आपल्या शेजारच्या विक्रोळीच्या गोदरेजने १९५५ साली स्वदेशी टाईपरायटर आणला. त्याच्या कळा लोखंडी, त्या हलणार नव्हत्या. तेव्हा माणसाने हात वळवला, ठीक होतं. आज मांडणी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तरीही वळायचं माणसानेच?

मागणी साधी आहे. परीक्षा घ्या, कडक घ्या. मिनिटाला ३० शब्द की ४०, चुका किती, फाइल युनिकोडमध्ये आहे की नाही, सगळं तपासा. मांडणी मात्र ज्याची त्याला निवडू द्या, आणि हे जाहिरातीतच छापा.

तुमच्या ऑफिसात काय चालतं? खाली लिहा. कुठल्याही मांडणीत लिहा, मला वाचता येईल.