संसारांतील यंत्रें : बॉनेटची तुटलेली तार

मोटारीचें बॉनेट ही अशी वस्तु आहे कीं, ती उघडते आहे तोंवर तिची कोणास आठवण होत नाहीं. पंधरवड्यांतून एकदां तें वर उचलावें, पाणी, तेल व ब्रेकचें द्रव पाहावें, बॅटरीच्या टोकांवर पांढरा थर चढला असल्यास पुसावा, इतका आचार ज्यांत पाळला जातो अशीं घरें आम्हांस फार थोडीं ठाऊक आहेत. उरलेल्या घरीं बॉनेट उघडण्याचा प्रसंग येतो तो गाडी अडल्यावरच. आणि नेमक्या त्याच वेळीं आंतला खटका ओढावा तर तो हातांत सैल येतो, पुढें कांहींच होत नाहीं.

कोंकणांतील एका वाचकभगिनीनें असेंच गाऱ्हाणें आमच्याकडे लिहून पाठविलें होतें. घरांत माणसें नऊ, गाडी एक. सासूबाईंना आठवड्यांतून दोनदां डायालिसिसकरितां तालुक्याच्या गांवीं न्यावें लागतें, आणि गाडी हांकण्याचें तें काम या बाई स्वतःच करतात. चार दिवसांच्या झडींत गाडी दाराशीं उभी होती, आंतला दिवा जळत राहिला, बॅटरी उतरली. शेजाऱ्यांच्या गाडीवरून वीज घेऊन ती चालू करावी, तर बॉनेट उघडेना. गांवच्या कारागिराचें म्हणणें, पुढची जाळी फोडल्याखेरीज गत्यंतर नाहीं. थोरल्या दिरांचें म्हणणें, गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून शहरांत धाडावी. धाकटे भाऊजी पहार घेऊन उभेच होते. सासूबाईंची पुढची खेप दोन दिवसांवर आलेली. आम्हीं त्यांस उत्तर तत्काळ धाडलें, कारण मासिकाच्या वाटेनें तें पोंचेतोंवर सासूबाईंच्या आठ खेपा होऊन गेल्या असत्या. तीच माहिती येथें थोड्या विस्तारानें देत आहों. ज्यांच्या दाराशीं मोटार आहे त्यांपैकीं कोणावर हा प्रसंग केव्हां येईल याचा नेम नाहीं.

पूर्वीच्या मोटारींना ही अडचण नव्हती. फोर्डची १९०८ ते १९२७ या काळांत निघालेली मॉडेल टी घ्या. तिच्या इंजिनावरील झांकण बाहेरच्या कड्या सोडल्या कीं उघडत असे. परंतु जें धन्यास बाहेरून उघडतां येतें तें चोरासहि येतें. पुढें ही कळ गाडीच्या आंत, चालकाच्या गुडघ्याजवळ येऊन बसली. दारें बंद केलीं कीं बॉनेटहि आपोआप कुलुपांत राहूं लागलें ही सोय झाली. आणि आंतला खटका व पुढची कडी यांच्यामध्यें चार-पांच हात लांबीची एक तार आली, ही गैरसोय झाली.

या तारेस बोडन केबल म्हणतात. अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन यांस तिचें पेटंट १८९६ सालीं ब्रिटनमध्यें मिळालें, व सायकलच्या ब्रेकच्या रूपानें ती आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. बाहेर पोलादी तारेचा घट्ट पिळलेला, नळीसारखा वेढा व त्यावर प्लास्टिकचें आवरण. आंत बारीक पण चिवट अशी दुसरी तार. हिचें मर्म समजण्यास पायजम्याचा नेफा आणि नाडी यांच्याहून चांगला दृष्टांत आम्हांस सुचत नाहीं. नेफा एका हातानें धरून ठेवला तर नाडी सरकते. तो धरला नाहीं तर नाडी ओढावी तसतसा नेफाच चुण्या होऊन तिच्यामागें येतो. मोटारींत नेफा धरण्याचें काम दोन्ही टोकांच्या पत्र्याच्या खांचा करतात. बाहेरची नळी त्या खांचेंतून निसटली कीं आंतली तार धडधाकट असूनहि ओढ फुकट जाते, आणि आपण मात्र तार तुटली असें समजून बसतों.

पुढच्या टोकाशीं काय असतें तेंहि पाहूं. बॉनेटच्या खालच्या अंगास जाड सळईचा एक कोयंडा असतो. बॉनेट आपटलें कीं तो खालच्या आडव्या पट्टीवरील कडींत अडकतो. कारागीर हिला बॉनेट लॉक म्हणतात. आंतला खटका ओढला कीं तार त्या कडीची जीभ बाजूस सारते, स्प्रिंग झांकणास बोटभर वर ढकलते, आणि मग फटींत बोटें घालून दुसरा एक अडसर आपण हातानें सरकवितों. हा दुसरा अडसर पुष्कळांना उगीचची कटकट वाटतो. पण पहिली कडी वाटेंत सुटली तर वाऱ्याच्या जोरानें बॉनेट उलटून समोरच्या कांचेवर येऊं नये याची सारी भिस्त त्याच्यावरच असते. अमेरिकेंत चालकाच्या दृष्टीआड येऊं शकणाऱ्या बॉनेटला असा दुसरा अडसर असलाच पाहिजे असा नियम १९६९ पासून आहे.

आतां उपायाकडे वळूं. हत्यारास हात लावण्यापूर्वीं खटका एकदां शांतपणें ओढून पाहावा आणि हातास काय जाणवतें तिकडे लक्ष द्यावें. खटका ताठ असेल, ओढतांना नेहमींसारखा किंवा नेहमींहून अधिक जोर लागत असेल, तर तार बहुधा शाबूत आहे व दोष कडींत आहे : गंज, चिखल, वाळलेलें ग्रीस. खटका लुळा पडला असेल तर तार कोठें तरी सुटली अथवा तुटली आहे. एवढ्या एका परीक्षेनें निम्मा शोध संपतो.

ताठ खटक्याचा उपाय दोन माणसांचा आहे. एकानें आंत बसून खटका ओढून धरावा व सोडूं नये. दुसऱ्यानें बॉनेटच्या पुढच्या कडेशीं, मधोमध, दोन्ही तळहात सपाट ठेवून झांकण खालीं दाबावें व सोडावें; असें पांचसात वेळां करावें. उघडावयाचें झांकण उलट दाबावयाचें हें विपरीत वाटेल. परंतु खालचे रबरी ठोकळे व स्प्रिंग बॉनेटला सतत वर रेटीत असतात, त्या रेट्यानें कोयंडा कडीच्या जिभेवर घट्ट रुतून बसतो, आणि दाबल्यानें तेवढा एक क्षण जीभ मोकळी होते. मुठी मात्र आपटूं नयेत. हल्लींचा पत्रा पातळ असतो, पोंचा पडतो. घरांत माणसें पुष्कळ असल्याचा हा एक लाभच म्हणावयाचा, कारण एकट्या माणसास हा उपाय करणें जवळजवळ अशक्य आहे.

खटका लुळा असेल तर प्रथम त्याच्याच मागें पाहावें. गुडघे टेकून, टॉर्च घेऊन, डॅशबोर्डखालीं वाकावें. तारेच्या शेवटीं शिशाच्या मण्यासारखी एक गांठ असते, ती खटक्याच्या खोबणींत बसते. आमच्या समजुतीप्रमाणें तक्रारींचा मोठा वांटा येथेंच असतो : प्लास्टिकचा खटका मोडतो, किंवा मणी खोबणींतून निसटतो, किंवा मण्याजवळ तारेचे पदर एक एक करून तुटत येतात. अशा वेळीं तारेचें टोक पक्कडीनें घट्ट धरावें, दुसऱ्या हातानें बाहेरची नळी जागच्या जागीं दाबून ठेवावी (नेफा विसरूं नये) आणि तार सरळ रेषेंत ओढावी. टोक नळीच्या आंत गेलें असेल तर नळीचें आवरण चार बोटें कापून तार उघडी करावी. नाडी आंत गेली म्हणून कोणी पायजमा फाडीत नाहीं. त्या कोंकणांतील बाईंच्या गाडींत मणीच निसटला होता. त्यांच्या बाराव्या वर्षांतल्या पुतण्यानें आंत वाकून तो शोधून काढला व पक्कडीच्या एका हिसक्यानें बॉनेट वर आलें, असें त्यांचें दुसरें पत्र सांगतें. तोंवर सासूबाईंची एक खेप भाड्याच्या गाडीनें पार पडली होती. पहारीचें पुढें काय झालें तें त्यांनीं लिहिलेलें नाहीं.

तार मध्यें किंवा पुढच्या टोकाशीं तुटली असेल तर काम अवघड होतें, तरी जाळी फोडण्याइतकें नव्हे. कांहीं गाड्यांत ही तार पुढच्या चाकावरील पत्र्याच्या आंतून जाते. चाक वळवून, त्यामागचें प्लास्टिकचें अस्तर खुंट्या काढून बाजूस केलें कीं ती हातीं लागते, आणि तुटलेली जागा त्याच्या मागें असली तर तेथूनच ओढतां येते. तें साधलें नाहीं तर पुढच्या जाळींतून अगर तिच्या वरच्या फटींतून प्रयत्न करावा. कपडे टांगण्याच्या हँगरची जाड तार सरळ करून तिच्या टोकास आंकडा करावा, टॉर्चच्या उजेडांत कडी कोठें आहे, तार तिच्या कोणत्या दांड्यास बांधली आहे व ती त्यास कोणत्या दिशेनें ओढत होती हें पाहावें, आणि तो दांडा त्याच दिशेस सरकवावा. त्याच नमुन्याची दुसरी गाडी शेजारीं असल्यास तिचें बॉनेट उघडून कडीची रचना आधीं डोळ्यांखालून घालावी. आंधळेपणानें अर्धा तास खुपसाखुपशी करण्यापेक्षां तीं पांच मिनिटें अधिक फलदायी होतात.

येथें तीन गोष्टी जिवाच्या आहेत. जाळीच्या लगेच मागें वातानुकूलनाचा कंडेन्सर व त्यामागें रेडिएटर असतो. दोहोंच्या पन्हळ्या नाजुक असतात; स्क्रू-ड्रायव्हरचें टोक घुसलें तर दहा मिनिटांच्या घाईनें शेंकडों रुपयांचें नव्हे, हजारों रुपयांचें नुकसान होतें. दुसरें, इंजिन तापलेलें असतां हात घालूं नये. पुष्कळ गाड्यांचा विजेचा पंखा किल्ली काढल्यावरहि आपोआप फिरूं लागतो. तिसरें, खालून हात घालावयाचा असेल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि, कितीहि थोडा वेळ, शिरूं नये. पक्क्या तिवया असतील तर ठीक, नाहींतर तें काम कारखान्यांतील खड्ड्यावर करवावें. भाडें जाईल तें जावो.

पहारीविषयीं एकच शब्द. कडेशीं पहार घातल्यानें कडी सुटत नाहीं. कोयंडा पोलादी आहे व बॉनेट पत्र्याचें. वांकतें तें बॉनेट. शिवाय पुढच्या भागीं अपघातांत हवेच्या पिशव्या उघडणारे संवेदक बसविलेले असतात, तेथें ठोकाठोक नसावी हेंच बरें. आणि बॉनेटच्या फटींतून धूर येत असेल तर हा लेख घडी करून ठेवावा : गाडी बंद करून सर्वांनीं दूर व्हावें, अग्निशामक दलास बोलवावें, बॉनेट उघडण्याचा यत्न करूं नये. झांकण वर होतांच आंत हवा शिरते व आग भडकते.

बॉनेट एकदां उघडलें कीं घरांत आनंदीआनंद होतो आणि कोणी तरी हौसेनें तें पुन्हां आपटून लावतो. हें होऊं देऊं नये. टेकू लावून तें उघडेंच ठेवावें, कडी जुन्या ब्रशानें व घासलेटानें धुवून पुसावी, सुकल्यावर ग्रीस लावावें. नवी तार ओंवण्याची युक्ति गृहिणींना सांगणें म्हणजे गंगेस पाणी दाखविणें होय. नाडीस सेफ्टीपिन लावतात तशी जुन्या तारेच्या एका टोकास मजबूत सुतळी बांधावी, जुनी तार दुसऱ्या टोकानें बाहेर ओढावी म्हणजे सुतळी तिच्या मार्गानें आंत येते, मग त्या सुतळीस नवी तार बांधून उलट ओढावी. इंजिन व बैठक यांमधील पत्र्याच्या भोकांत रबराची बुची असते ती नीट बसवावी, एरव्हीं पावसाचें पाणी पायांशीं येतें. तार त्याच गाडीच्या नमुन्याची घ्यावी; चार अंगुळें लांब असलेली तार बसते पण ओढत नाहीं.

मग परीक्षा. झांकण उघडें असतांनाच कडीची जीभ स्क्रू-ड्रायव्हरनें दाबून बंद करावी, एकानें आंतून खटका ओढावा, जीभ सुटते कीं नाहीं तें दुसऱ्यानें पाहावें. असें चार वेळां जमलें म्हणजेच बॉनेट लावावें. लावल्यावर दुसरा अडसरहि धरतो ना, तें उचलून पाहावें. नवी तार मिळेतोंवर गाडी वापरणें भागच असेल तर कडीच्या दांड्यास एक बारीक पोलादी तार बांधून ती पंख्याच्या व पट्ट्यांच्या वाटेंत न येईल अशा बेतानें खालीं आणून ठेवावी. मात्र कडीच नीट धरत नसेल तर दोरीनें बॉनेट बांधून प्रवासास निघणाऱ्यांच्या धाडसाचें आम्हांस कौतुक वाटत नाहीं.

कांहीं नव्या विजेच्या गाड्यांत तारच ठेवलेली नाहीं, बॉनेट विजेनें उघडतें. टेस्लाच्या मॉडेल ३ ची लहान बॅटरी उतरली तर पुढच्या बंपरमधील एका झांकणाआड दोन वायरी असतात, त्यांस बाहेरून बारा व्होल्टची वीज दिल्यावर पुढचें झांकण सुटतें. ज्यांच्या घरीं अशी गाडी येईल त्यांनीं तिचें माहितीपुस्तक गाडींतील कप्प्यांत न ठेवतां घरांत, पंचांगाशेजारीं ठेवावें. बॅटरी उतरल्यावर कप्प्यापर्यंत पोंचण्याचीहि पंचाईत होऊं शकते.