गटाराचा नारळ

राखीव मतदारसंघाचा आमदार वस्तीत वर्षातनं तीनदा उगवतो. १४ एप्रिलला पुतळ्याला हार घालायला, ६ डिसेंबरच्या आधी दादरला निघालेल्या गाड्यांना झेंडी दाखवायला, आणि अधेमधे एखाद्या गटाराच्या कामावर नारळ फोडायला. नारळ! ज्याच्या आजानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यानं नारळ फोडायचा, आणि आम्ही टाळ्या पिटायच्या.

मी गटाराच्या विरोधात नाही. गटार पाहिजे, नळ पाहिजे, दिवा पाहिजे. पण ते नगरपालिकेचं काम. त्याला नगरसेवक आहे, इंजिनियर आहे, ठेकेदार तर आहेच आहे. आमदाराला आपण विधानसभेत पाठवतो ते कायदा करायला, तिजोरीची किल्ली कुणाच्या कमरेला आहे ते बघायला, मंत्र्याला उभं करून जाब विचारायला. ते सोडून साहेब आमदार निधीच्या पेव्हर ब्लॉकशेजारी आपल्या नावाची पाटी रोवतात. आणि आमचीच पोरं त्या ब्लॉकवर उभं राहून 'भाऊ आगे बढो' करतात.

आणि त्याच गटारात माणूस मरतो तेव्हा? हातानं मैला काढून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. उतरणारा कुठल्या जातीचा, ते माझ्याकडनं वदवून घेऊ नका. साहेब, तुम्ही सभागृहात कधी विचारलंत का, की माझ्या मतदारसंघात गटारात कोण उतरतो, त्याला कुणी उतरवला, त्याच्या बायकोच्या हातात पैसे पडले का? एका कागदावर मावेल एवढा प्रश्न आहे.

शिष्यवृत्ती रखडली म्हणून आम्ही आठ-दहा पोरं एकदा अशाच एका साहेबाच्या ऑफिसात गेलो होतो. पी.ए.नं चहा पाजला. लेटरहेड काढलं, शिफारसपत्र टाईप केलं, खाली सही, वर अशोकस्तंभ. पोरं खूश. ते पत्र कुणाला? समाजकल्याणच्या अधिकाऱ्याला. म्हणजे ज्या खात्याला सभागृहात उभं करायचं, त्याच खात्याला साहेब विनंती करतात! अरे, तारांकित प्रश्न टाकला आणि तो पुकारला गेला की मंत्र्याला उठून उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्नही झेलावे लागतात. मंत्रालयापासून जिल्ह्यापर्यंत फायली पळायला लागतात. एका प्रश्नात हजारो पोरांची शिष्यवृत्ती हलू शकते. शिफारसपत्रात एकाची हलते, आणि तो एक जन्मभर साहेबाचा होतो. साहेबाला तेच पाहिजे.

विचारलं तर म्हणतात, पक्षाचा व्हिप असतो. खोटं. व्हिप मतदानाला असतो. तारांकित प्रश्नाला, लक्षवेधीला, अशासकीय विधेयकाची नोटीस द्यायला कुणाचा व्हिप आडवा येतो? आडवं येतं ते पुढच्या वेळचं तिकीट.

हे दुखणं जुनं आहे. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात गांधींच्या उपोषणाखाली सही झाली आणि स्वतंत्र मतदारसंघ गेला. जागा आमची राहिली, मतं सगळ्या गावाची झाली. आज विधानसभेच्या २८८ जागांत २९ अनुसूचित जातींच्या आहेत, पण त्यातल्या बहुतेक जागांवर निवडून कोण यायचं ते आम्ही ठरवत नाही. जो वाड्यावर खपतो तो येतो. जो वाड्यावर खटकतो तो पडतो, मग तो कुणीही असो. १९५२ साली मुंबईत राखीव जागेवर खुद्द बाबासाहेबांना पाडलं, काँग्रेसच्या काजरोळकरांनी. घटना लिहिणारा माणूस पडला आणि काजरोळकर निवडून आले, यातच सगळा हिशेब आला.

आपल्यातले काही कडवे दोस्त म्हणतात, थुंका त्या विधानसभेवर, लढाई रस्त्यावरच. मला हे अर्धंच पटतं. बाबासाहेब १९२७ साली मुंबई कौन्सिलात गेले ते सरकारनं नेमलेले सदस्य म्हणून. पाठीशी ना पक्ष, ना बहुमत. तरी १९२८ च्या मार्चमध्ये त्यांनी महार वतनाचं विधेयक मांडलं. १९२९ मध्ये ते मागं घ्यावं लागलं, पण वेठबिगारीची गोष्ट सरकारी दप्तरात चढली ती चढलीच. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाकडनं निवडून आले आणि १७ सप्टेंबरला खोती मोडायचं विधेयक आणलं. सरकार ते पुढं सरकू देईना. मग १० जानेवारी १९३८ ला कोकणातला शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आला, महार-कुणबी एका मोर्चात. आत विधेयक, दारात माणसं! खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं, वतनं गेली ती १९५८ च्या. वेळ लागला, पण शेवटी कागदावर नोंद झाली म्हणून गेली. नुसत्या घोषणेनं सातबारा बदलत नाही.

नुसत्या ठरावानंही नाही, हेही तेवढंच खरं. २७ जुलै १९७८ ला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. ठराव मुंबईत झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. पोचिराम कांबळेला मारलं. सरकारनं शेपूट घातली. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार म्हणून. मधली साडेपंधरा वर्षं लाँग मार्चमध्ये कोण चाललं, जेलात कोण सडलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. राखीव जागांवरचे किती आमदार त्या साडेपंधरा वर्षांत राजीनामा फेकून बाहेर आले, तेवढं मात्र शोधून बघा.

आता ताजं बघा. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी लाडकी बहीण योजनेकडं वळवले. खात्याचा मंत्रीच जाहीरपणे बोंबलला. माझी आईपण ते दीड हजार घेते, घ्यावेतच. पण बहिणीची ओवाळणी भावाच्या हॉस्टेलच्या पैशातनं? राखीव जागांवरच्या २९ जणांनी पक्ष विसरून एक दिवस, फक्त एक दिवस, सभागृह बंद पाडायला पाहिजे होतं. पाडलं नाही.

तेव्हा दोस्तांनो, कामाला लागू. साहेबाकडं शिफारसपत्र मागणं बंद. मंडपाला वर्गणी, डीजेला पैसे, टी-शर्ट मागणं बंद. अधिवेशनाच्या आधी प्रश्न आपणच लिहायचे. गटारात कोण मेलं, शिष्यवृत्ती किती महिने थकली, गायरानाची नोटीस कुणाला आली, अॅट्रॉसिटीची केस कुठं अडली. नाव, गाव, तारीख घालून. साहेबाच्या हातात द्यायचे आणि पोच घ्यायची. विधानसभेची कार्यवाही छापून येते, ती वाचायला बसायचं. मग नाक्यावर काळा फळा लावायचा. डाव्या बाजूला आपण दिलेले प्रश्न, उजव्या बाजूला साहेबानं विचारलेले. रोज येणारी-जाणारी माणसं वाचतील. साहेबाची गाडीही त्याच नाक्यावरनं जाते.

आमच्या वस्तीत फळा रंगवून झालाय. उजवी बाजू कोरी ठेवलीय.