पॅसेजमधला पहारा

घरात दुसरं मांजर आणलं की ओळखीतलं कुणीतरी हमखास सांगतं, ‘सोडा हो एकत्र, भांडतील आणि मिटवतील आपसात.’ मांजरांच्या बाबतीत याहून वाईट सल्ला नाही. मांजराचा पूर्वज आफ्रिकेतलं रानमांजर, एकट्याने शिकार करणारं. भांडण मिटवणं त्याच्या रक्तातच नाही. त्याला जमतं ते टाळणं. आता वन बीएचकेत टाळून टाळून जाणार कुठे?

म्हणून मांजरांचं खरं वैर बहुधा मुकाट्याने चालतं. बोका पॅसेजमध्ये ऐसपैस पसरलेला असतो, नजर मात्र सोफ्याखाली रोखलेली. आपण कौतुकाने फोटो काढतो. सोफ्याखालच्या भाटीला बाथरूममधल्या ट्रेपर्यंत जायचंय आणि वाट बोक्यावरून जाते. शेवटी ती पलंगावरच्या गोधडीवर उरकते. बोलणी तिलाच बसतात.

दोन मांजरांना तीन ट्रे, हा पशुवैद्यांचा नेहमीचा हिशेब. पण तिन्ही बाथरूममध्ये ओळीने मांडले, तर मांजराच्या लेखी तो एकच. ते वेगवेगळ्या कोपऱ्यांत हवेत, खाण्यापाण्याच्या वाट्याही लांब लांब. कपाटावरच्या बॅगा हलवा. तिथे चढता आलं की खालची वाट आपोआप मोकळी होते. बोक्याचं ऑपरेशन झालेलं नसेल तर आधी ते करून घ्या.

नव्या पाहुण्याला सुरुवातीला बंद खोलीत ठेवावं. मांजराच्या गालांत वासाच्या ग्रंथी असतात. एकाच्या गालावरून फिरवलेला फडका दुसऱ्याच्या बसायच्या जागेजवळ ठेवायचा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. कुणी फिस्कारलं तर ताटल्या पुन्हा लांब. दवाखान्यातून औषधांचा वास घेऊन आलेलं सख्खं भावंडसुद्धा घरच्याला परकं वाटतं, त्यालाही थोडा वेळ वेगळं ठेवलेलं बरं.

जुंपलीच, तर मध्ये हात घालू नका, जाड उशी सरकवा. चावलंच, तर जखम साबणाने खळखळून धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एकमेकांना चाटणारी मांजरं रीलमध्ये छान दिसतात. तुमची दोघं सकाळी एक, दुपारी दुसरं अशी पाळीने एकाच खिडकीत बसत असतील, तर तेवढ्यावर खूश राहा. आणि जमलंय म्हणून तिसरं आणू नका.