फोन बदल मागतो तेव्हा



फोनवर वारंवार ‘अपडेट करा’ अशी सूचना येते. ती पाळावी की दूर सारावी, असा प्रश्न आपल्या सुपा-जोयडा भागातील अनेक कुटुंबांना पडतो. गोव्यात वा आखाती देशांत नोकरीस असलेल्या मुलाचा आवाज याच फोनवरून घरी येतो आणि त्याने धाडलेला पैसाही पुष्कळदा याच मार्गाने हाती लागतो. म्हणून या विषयाचा थोडा विचार करू.

सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राने काय करावे हे सांगणाऱ्या आज्ञांचा संच. या आज्ञा माणसेच लिहितात, त्यामुळे त्यांत चुका राहतात, आणि चोर त्याच वाटेने आत शिरतो. अपडेट हे बहुधा पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्यासारखे काम होय.

ते न केल्यास काय होते, हे २०१७ साली जगाने पाहिले. विंडोजमधील एका दोषावरील उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिला होता. ज्यांनी तो लावला नाही, त्यांच्या संगणकांत १२ मेपासून ‘वॉनाक्राय’ हा उपद्रव शिरला. सुमारे १५० देशांत २ लाखांहून अधिक संगणक बंद पडले. इंग्लंडमधील रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

याची दुसरी बाजूही आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले आणि आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. यास्तव सुरक्षेचे अपडेट टाळू नये. मात्र फोनचे रूपच पालटणारे मोठे अपडेट असेल, तर इतरांचा अनुभव पाहून चार दिवसांनी घेतले तरी चालते. त्याआधी महत्त्वाची छायाचित्रे व संदेश दुसरीकडे जपून ठेवावेत.

काही बदल मात्र आपली संमती विचारीत नाहीत. अँड्रॉइडची २०१३ साली आलेली ‘किटकॅट’ ही आवृत्ती असलेल्या फोनवर १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅप बंद झाले. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसरीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठविण्याची सोयही काढून टाकण्यात आली. तिचा आधार घेऊन भोळ्या माणसांना फसविले जात होते. पैसे मिळण्यासाठी पिन घालावा लागत नाही, एवढे घरातील प्रत्येकाने पक्के ध्यानात ठेवावे.

अपडेटच्या नावाखालीही ठकबाजी चालते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यावरून वा फाइलमधून कोणतेही अपडेट घेऊ नये. ते फोनच्या सेटिंग्जमधून अथवा प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे व बँकेलाही सांगावे.

आपल्या रानातील वाड्यांत संपर्क क्षीण असतो. तेव्हा रामनगर वा दांडेलीस जाणे होईल, त्या दिवशी फोन पुरता चार्ज करून हे काम उरकावे. अर्ध्यावर ते सोडू नये.

जुने सुपा गाव काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले. बदल येणार हे कळणे वेगळे आणि त्यात आपले काय जाते, काय राहते हे वेळेवर समजणे वेगळे, हे त्या पिढीस कोणी सांगावयास नको. प्ले स्टोअरमध्ये अ‍ॅपच्या पानावर काय बदलले याचा चार ओळींचा मजकूर पुष्कळदा दिलेला असतो. तो बहुधा इंग्रजीत असतो आणि वडीलधाऱ्यांना उमगत नाही. घरातील शिकत्या मुलामुलींनी महिन्यातून एकदा रात्रीच्या जेवणानंतर तो आजी-आजोबांना मराठीत समजावून सांगावा. त्यांचा फोन हिसकावून झटपट बोटे चालविण्यापेक्षा त्यांच्याच हातून ते काम करवून घ्यावे. पुढच्या वेळी मुले परगावी असली, तरी त्यांचे अडणार नाही.