सोंग आणि गुन्हा यांत फरक करा: बहुरूपी कलावंतांचे मागणीपत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: वेषांतराच्या गुन्ह्यांची कलमे बहुरूप्यांना सरसकट लावली जाण्याबाबत

महोदय,

वेष पालटून लोकांना लुबाडणाऱ्याची गय करू नये, ही आमची पहिली मागणी. बहुरूप्यांच्या संघटनेने असे म्हणावे याचे कोणाला नवल वाटेल. पण तोतया पोलिसाचा भुर्दंड आम्हीही भरतो. ‘पुढे खून झालाय, दागिने काढून पुडीत बांधा’ अशी थाप मारून म्हातारीच्या पाटल्या लांबवणारा निसटतो आणि पुढच्या आठवड्यात खाकी घालून त्याच आळीत शिरलेला आमचा माणूस मार खातो.

भारतीय न्याय संहितेचे कलम २०४ तोतया लोकसेवकाला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद सांगते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. घोडे अडते ते कलम २०५ पाशी. लोकसेवकाचा वेष घालणाऱ्याला, लोकांनी आपल्याला तसे समजावे असा हेतू असेल किंवा लोक तसे समजण्याचा संभव आहे हे ठाऊक असेल, तरी ते लागू होते. आता आमच्या सोंगाचे मर्मच असे की पहिली दोन मिनिटे ते खरे वाटले पाहिजे. शिपाई दारात येतो, काठी आपटतो, खिशातून मळकी वही काढतो आणि दरडावतो: तुमच्या कोंबड्याने शेजारच्या कोंबडीला डोळा मारल्याची तक्रार आहे, चला चौकीत! घरधनी दचकतो, पोरे खिदळतात, पायलीभर धान्य झोळीत पडते. दचकवणे हा कलेचा भाग आहे. दचकवून कोणाचे काही काढून घेतले तर तो गुन्हा. कलम २०५ च्या शब्दांत ही रेघ स्पष्ट नाही. केंद्राचा कायदा बदलणे आपल्या एकट्याच्या हाती नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून एवढेच मागतो की, पोलीस महासंचालकांमार्फत परिपत्रक काढून, फसवून काही उकळल्याचा प्राथमिक पुरावा असल्याखेरीज बहुरूप्यावर हे कलम लावू नये, असे सर्व ठाण्यांना कळवावे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ हा मात्र राज्याचाच कायदा. त्याचे कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत गुन्ह्याच्या इराद्याने तोंड झाकून वा वेष पालटून फिरणाऱ्याला वर्षापर्यंत कैद सांगते. कलम योग्यच आहे, फक्त ते नीट वाचले जावे. घरफोडीचे हत्यार सापडले तर कारण सिद्ध करण्याचा भार त्याच कलमात बाळगणाऱ्यावर टाकला आहे. वेषांतराबाबत तसे काहीही लिहिलेले नाही. म्हणजे इरादा सिद्ध करायचा तो पोलिसांनी. प्रत्यक्षात चौकीत आमच्याच माणसाला विचारतात, ‘चोर नाहीस हे दाखव.’ तेव्हा इराद्याचा आधार काय, हे पंचनाम्यात स्वतंत्रपणे नोंदवणे सक्तीचे करावे. सुगीत चार गावे फिरून पालावर परतताना अंधार होतो, आणि तोंडाचा रंग काही ओढ्याच्या एका चुळकाभर पाण्याने निघत नाही.

हे किरकोळ गाऱ्हाणे समजू नये. मे २०१२ मध्ये नागपूरच्या कळमना भागात स्त्रीवेषात भिक्षा मागणाऱ्या तिघांना जमावाने ठार केले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मुले पळवणारे समजून मारले गेले. पोलीसच बहुरूप्याला चोर म्हणून वागवू लागले, तर गाव त्याला कसे वागवणार?

म्हणून ओळखपत्र द्या. समाजकल्याण विभागाने छायाचित्रासह द्यावे. एक फोटो साध्या कपड्यांतला, एक सोंगातला. मुक्कामाची वर्दी आम्ही ठाण्यात किंवा पोलीस पाटलांकडे देऊच, पण तिची सही-शिक्क्याची पोच मिळावी. तोंडी ‘बरं, जा’ म्हटलेले जमावापुढे दाखवता येत नाही.

खाकी सोंगावर ‘बहुरूपी’ असे ठळक लिहावे, अशी सूचना आमच्याच काही सभासदांनी केली. जुन्या मंडळींना ती मुळीच रुचलेली नाही: पाटी लावली तर सोंग कसले, असे ते म्हणतात. तरी कंबरपट्ट्याच्या आतल्या बाजूला, मागितल्यास दाखवता येईल असा बिल्ला लावायला आम्ही तयार आहोत.

शेवटची मागणी मुद्देमालाची. गुन्हा दाखल न होता सोडून दिलेल्या कलावंताचे कपडे, काठी, दाढी-मिशा, ढोलकी त्याच दिवशी पावती घेऊन परत द्यावे. हे सामान महिनाभर ठाण्यात पडून राहिले की त्या कुटुंबाचा हंगाम बुडतो.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद