केसपेपरवर लघवीची नोंद हवी

मा. ना. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य



आपण राधानगरी-भुदरगडचे. भांगलणीला गेलेल्या बाईला उसाच्या सरीत घोणस चावली की घरात काय धावपळ उडते, हे आपल्याला सांगायला नको. आता लोक मांत्रिकाऐवजी दवाखाना गाठू लागलेत. लस मिळते, पेशंट बोलू लागतो, घरचे हुश्श करतात. पण धोका अजून टळलेला नसतो.

घोणशीचं विष रक्ताची गोठण्याची शक्ती घालवतं आणि मूत्रपिंडावरही घाला घालतं. लस रक्तातलं विष निकामी करते. मूत्रपिंडाला आधीच झालेली इजा ती भरून काढत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कमी होते, कधी लालसर होते, पायावर सूज येते. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन पहिल्या दिवशी मात्र बऱ्याचदा नॉर्मल असतं, आणि त्या एका रिपोर्टवर विसंबून पेशंटला घरी सोडलं जाण्याची भीती असते.

म्हणून माझी मुख्य मागणी अशी आहे. सर्पदंश आणि मूत्रपिंडाला तसाच धोका असणारे जोराचे जुलाब किंवा पुराच्या पाण्यात वावरल्यानंतर आलेला ताप, अशा प्रत्येक पेशंटच्या केसपेपरवर किती वाजता किती लघवी झाली याची नोंद सक्तीची करा. 50 किलोच्या माणसाला सलग 6 तासांत 150 मिलिलिटरही लघवी झाली नाही, तर मूत्रपिंड अडचणीत आहे असं समजावं, हा जगभर मानलेला निकष आहे. त्याला यंत्र लागत नाही, खुणा केलेलं भांडं पुरतं. क्रिएटिनिनही पुन्हा तपासायला हवं. 48 तासांत ते 0.3 मिग्रॅ/डेसिलिटरने वाढलं तरी ती धोक्याची खूण असते.

2019 आणि 2021 चा महापूर आपण पाहिलात. पंचगंगेचं पाणी ओसरल्यावर चिखल उपसणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे लेप्टोचा, धोका असतो, आणि लेप्टोही मूत्रपिंडावरच येतो. अंगदुखीवर मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी अशा वेळी, विशेषतः अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, उरलंसुरलं नुकसान करते. हे आशाताईंनी घरोघर सांगायला हवं.

लोकांच्या मनातली एक भीतीही शासनाने काढावी. डायलिसिस एकदा लागलं की जन्माचं लागलं, असं समजून काही नातेवाईक पेशंटला घरी नेतात. अचानक बंद पडलेलं मूत्रपिंड वेळेत आधार मिळाला तर बहुधा काही आठवड्यांत पुन्हा चालू लागतं. तेवढ्या काळापुरतंच हे डायलिसिस असतं.

चंदगडहून कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. 108 रुग्णवाहिकेत पेशंट चढवताना रेफर चिठ्ठीवर दंशाची वेळ, दिलेल्या लसीच्या बाटल्या आणि शेवटची लघवी कधी व किती झाली एवढं लिहिलेलं असलं, तर तिथल्या डॉक्टरांचे पहिले काही तास वाचतील. पावसाळ्याआधी तसं परिपत्रक काढावं, ही विनंती.

आपला,
कोल्हापूर जिल्ह्यातील एक नागरिक